बैलाच्या तालमीतली घोडी

घोडी आमच्या दारात आली तेव्हा बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहूनही म्हातारे. जूनमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर घोड्यावर बसणं विसरा, असं आदिलाबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ते आपणहून नाही बोलले, बाबांनीच मुद्दाम विचारलं होतं.

बाबांनी बेला मंडलातल्या एका मालकाकडे वीस वर्षं सालदारकी केली, वर्षाच्या बोलीवर राबले. मालकाचा घोडा धुवायचा, खोगीर कसून दारात आणायचा आणि मालक बसले की दोर धरून शेतापर्यंत चालायचं, हेही त्यांच्याच कामात. त्या घोड्यावर ते एकदाही बसले नाहीत. आपल्यासारख्या माणसानं बसायचं नसतं, हे तेव्हा कोणी सांगावंही लागत नसे. मी शिकून मास्तरीण झाले, घर बांधलं, तरी घोड्यावर बसायची त्यांची ती एक इच्छा राहूनच गेली होती. म्हणून यंदा कापसाची वेचणी झाल्यावर मेंढपाळ शिवारात उतरले, तेव्हा त्यांच्या कळपामागे मोकाट हुंदडणारी तीन वर्षांची तांबडी घोडी मी मागून घेतली. तिच्या पाठीवर तोवर माशीशिवाय कोणी बसलं नव्हतं.

आता तिला शिकवायचं कसं? खुरांपासून पोटापर्यंत घोडा बाबांना पाठ होता, पण त्याच्या वर बसून काय करायचं ते ठाऊक नव्हतं. आमचं सगळं गाव बैलांचं. गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीनं चालवतात. बाबांनी तेच केलं. शेजारच्या काकांचा म्हातारा बैल मागून आणला, घोडीला त्याच्या शेजारी बांधलं आणि दोघांना रोज सकाळी ओढ्यापर्यंत न्यायला लागले.

"काऊन घाई करून राह्यली व? पयले तिले चालाचं वळण लागू दे," असं ते मला दटावायचे.

आठ दिवसांनी पाठीवर रिकामं पोतं, मग रेतीचं पोतं, मग खोगीर. घोडी महाबिलंदर. पोटाखालचा पट्टा आवळताना पोट फुगवून धरायची आणि नंतर सोडायची. पट्टा ढिला, खोगीर पोटाखाली. एकदा ती तशीच उधळली आणि काकूंच्या कुरडयांच्या वाळवणावरून पार झाली. दोन दिवस काकू आमच्याशी बोलल्या नाहीत.

पहिली स्वारी माझी. शाळेच्या आधी, डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट घालून. मी कापसाच्या पऱ्हाट्यांत पडायचे, उठायचे, घोडीला शिव्या द्यायचे आणि पुन्हा चढायचे. कुंपणापलीकडून काकू विचारायच्या, "मास्तरीणबाई, आज किती डाव पडल्या?"

"तीन."

"मंग कालच्याहून बरं हाये."

मे महिन्यात घोडीनं मला खाली टाकणं सोडलं. मला आभाळ ठेंगणं झालं. बैलाचा दोर सोडला, लगाम हातात घेतला आणि टाच मारली. घोडी हलेना. चुचकारलं, ओरडले, काही उपयोग नाही. बैल लिंबाखाली जाऊन बसला, तशी ती मला घेऊन शांतपणे त्याच्याजवळ गेली आणि उभी राहिली. तो रवंथ करत होता, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! काका-काकू पोट धरून हसले.

मला मात्र हसू आलं नाही. ऑपरेशनला बारा दिवस राहिले होते. मी तापट, जीभ आवरली नाही. "बाबा, तुमाले घोड्यातलं काही समजत नाही!"

बाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वर बसून कदी पाह्यलंच नाही, तं समजन कुठून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे होते. "बैल आन. बैलासंगंच जाईन. मले कुठं शर्यत लावाची हाये?"

काकांनी बैल एका बाजूला उभा केला, दुसऱ्या बाजूनं मी घोडीचा दोर धरला. बाबांनी ओट्यावरून पाय टाकला. गुडघा अडला, मीच "आई गं" म्हणाले, ते नाही. मग ते एकदाचे बसले. घोडीनं कान हलवले, बैलाकडे पाहिलं आणि बैल निघाला तशी तीही निघाली. बाबा रस्त्यानं लोकांच्या अंगणात डोकावत, दिसेल त्याला हाक मारत चालले होते. "काय भाजी केली व?" म्हणून विचारत होते. मी त्यांना इतकं बडबडताना कधी पाहिलं नव्हतं.

चौकापाशी त्यांची नजर खाली माझ्याकडे गेली. मी दोर धरून, मान खाली घालून घोडीपुढं चालत होते.

"सोड तो दोर," ते म्हणाले.

"बाबा, पडान तुमी."

"पडू दे. माह्या पोरीनं कोनाच्या घोड्याचा दोर धरून चालाचं नाही. माह्यासुद्दा नाही."

मी दोर सोडला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते बघायला बाबा थांबले नाहीत. ते पुढं निघून गेले होते.