हाकरबाबा

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, आणि दारूचा वास मात्र गुत्तेवाल्यापेक्षा जास्त घेतला. वाशिमकडच्या मालेगावात शेठजींचा कापसाचा जिन होता, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, त्याच्या फाटकावर ते बसत. रोज सकाळी लॉरीचा ड्रायव्हर समोर उभा राहिला की बाबा त्याच्या तोंडाशी नाक नेत आणि म्हणत, “हा कर.” ड्रायव्हरने ‘हा’ करायचं, बाबांनी डोळे मिटून तो श्वास आत ओढायचा. सगळं गाव त्यांना हाकरबाबा म्हणे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण शेंबडी पोरंसुद्धा गल्लीत एकमेकांच्या तोंडात नाक खुपसून ‘हा कर, हा कर’ खेळत. मीही खेळले आहे, आणि त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला आहे.

“साफ हाय” म्हणून श्वास पास झाला तरी सुटका नव्हती. फाटकापासून निंबाच्या झाडापर्यंत बाबांनी चुन्याची रेघ ओढली होती. तिच्यावरून सरळ चालत जायचं आणि सरळ परत यायचं. मग बाबा आपल्या खोलीतल्या खुंटीवरून त्या लॉरीचं हँडल काढून ड्रायव्हरच्या हातात देत. तेव्हाच्या गाड्या पुढून हँडल फिरवल्याशिवाय सुरू होत नसत, म्हणजे हँडल हाती आलं तर गाडी तुमची. नाही आलं तर बाबा एवढंच म्हणत, “खुंटीले राहू दे.” त्या तीन शब्दांवर माणसाची चूल विझायची. शेठजी सगळीकडे निरोप धाडत, आणि मग कारंज्यापासून वाशिमपर्यंत कोणी मोटारमालक त्या ड्रायव्हरला दारात उभा करत नसे.

एवढा कडवटपणा कुठून आला म्हणाल, तर माझी आई दारूने गेली. प्यायला होता दुसरा. ती शिरपूरच्या जत्रेहून गाठींच्या लॉरीवर बसून येत होती. ड्रायव्हरने गाडी नाल्यात घातली. तो उडी मारून वाचला, आई गाठींखाली सापडली. बाबा तेव्हा जिनात हमाल होते. कापसाच्या गंजीला नाक लावून आतला ओला कापूस कुठे आहे हे ते सांगत, त्यामुळे त्यांचं नाक शेठजींना ठाऊक होतं. दहावा झाल्यावर ते शेठजींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “पगार कमी द्या, पन मले फाटकावर बसवा. अजून कोनाची बायको गाठीखाली नाही गेली पायजे.”

ड्रायव्हरही काही कमी बिलंदर नव्हते. कोणी कच्चा कांदा खाऊन येई, कोणी इलायची, एकजण तर रॉकेलचा बोळा तोंडात फिरवून आला. बाबांनी त्याला टिनाच्या छपराखाली घोंगडी पांघरून बसवला, घामाने थबथबू दिला, आणि मग त्याची बगल हुंगली. “तोंड धुतलं गड्या, घाम कसा धुशीन?” म्हणाले. जिनातले हमाल पोट धरून हसले. त्या माणसाला आठवडाभर कोणी ‘बगलवाला’ सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बाबांना त्यात मजा वाटायची, हे मी लपवणार नाही. हातात सत्ता आली की गरीब माणूसही गरिबाला चिरडताना हात आखडत नाही.

एक म्हातारा ड्रायव्हर होता, स्वभावाने देवमाणूस. त्याचं नातवंड देवीच्या साथीत गेलं आणि त्या रात्री त्याने मोहाची घेतली. सकाळी फाटकावर येऊन त्याने आपण होऊनच सांगितलं. बाबांनी त्याला पोटाशी धरलं. दोघे ढसाढसा रडले. डोळे पुसून झाल्यावर म्हातारा हात पुढे करून उभा राहिला, तर बाबा म्हणाले, “खुंटीले राहू दे.” तो पुढे बाजारात भाजी विकायचा. बाबा त्याच्याकडून मुद्दाम महाग भाजी घेत, पण त्याला हँडल काही परत दिलं नाही.

मग अशा माणसाने पोटची पोर दिली कोणाला? ड्रायव्हरला! नातेवाईक म्हणाले, “काहून बाप्पा, गावातले पोरं मेले काय?” बाबा म्हणाले, “दोन सालापासून हुंगून राह्यलो मी त्याले. या तोंडाले कधी बिडीचाबी वास नाही आला.” लोकांच्या सोयरिकी पत्रिका पाहून जुळतात, माझी हुंगून जुळली. पण खोटं कशाला बोलू, सोनं होतं सोनं. आमचे हे लॉरी पुसायचे तेव्हा जनावर धुतल्यासारखे मायेने पुसायचे, आणि घरी आले की माझ्या हातातली घागर आधी घ्यायचे. बाबांचा त्यांच्याशी एक ठरलेला रिवाज होता. घरी ‘जवाईबुवा, तुमी’. फाटकावर ‘हा कर’. हे एकदा हसून म्हणाले, “मामाजी, जवायाले तरी सोडा.” बाबा हसले नाहीत. म्हणाले, “जवाई फाटकाच्या भायेर. अंदर सारे डायवर.”

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शेठजींनी लॉरीच्या मागे कोळशाचं उभं पिंप बसवलं. कोळसे पेटवून त्याच्या वायूवर गाडी चालायची. पिंप पेटवायला अर्धा-पाऊण तास हाताने पंखा फिरवत त्याच्याजवळ उभं राहावं लागे. त्यातून जिनात सगळीकडे कापूस. ठिणगी उडाली तर गाव पेटेल, म्हणून शेठजींनी हुकूम काढला की पिंप टिनाच्या खोलीत, दार लावूनच पेटवायचं. आणि ड्रायव्हर आधी पिंप पेटवायचा, मग हँडल मागायला बाबांपुढे यायचा. आता सांगायला सोपं आहे, पण तेव्हा ह्यातली गोम कोणाच्याच ध्यानात आली नाही.

धोंड्याचा महिना होता. बाबांनी जावयाला जेवायला बोलावलं. परातीत पाय धुतले, कुंकू लावलं, नवं धोतर दिलं. मी अनारसे केले होते. बाबा स्वतः वाढत होते, “घ्या जवाईबुवा, अजून एक घ्या,” करत त्यांनी ताटात अनारशांचा ढीग घातला. हे नको नको म्हणत खात राहिले. सासऱ्याने इतकं प्रेमाने वाढल्यावर कोण नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांची भाकरी घेऊन जिनात गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. टिनाच्या खोलीचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले. फाटकापाशी पोहोचेपर्यंत दोनदा भिंतीला हात लावला. बाबा म्हणाले, “हा कर.” ह्यांनी तोंड उघडलं आणि भडभडून ओकले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवलेले असतात, तुम्हाला ठाऊक आहे. तो आंबूस भपका सगळ्या फाटकावर पसरला.

“रेघेवर चाल,” बाबा म्हणाले.

हे चार पावलं गेले आणि रेघ सोडून गुडघ्यावर बसले. हमाल गोळा झाले. मी ओरडले, “बाबा, बिमार हाय ते! काल तुमच्याच घरी जेवले!”

“जेवल्यावर मंग कुठी गेल्ते, तुले काय मालूम?”

“घरीच होते, माझ्यासमोर!”

“बायका असंच म्हणतात,” बाबा म्हणाले.

ह्यांनी जमिनीवरूनच हात जोडले. जीभ जड झाली होती. “मामाजी, आईची शपथ, थेंब नाही घेतला. डोकं गरगरून राह्यलं नुसतं.”

“सारे हेच म्हणतात,” बाबा म्हणाले. “खुंटीले राहू दे.”

आदल्या दिवशी ज्या पायांना पाणी घातलं, त्याच पायांनी माझा नवरा भर बाजारातून घरी आला, आणि मागे पोरं ‘हा कर’ ओरडत होती. दुसऱ्या कोणी पकडलं असतं तर दोन माणसं तरी बाजूने बोलली असती. इथे लोक म्हणायचे, “सासऱ्यानंच धरला, म्हंजे खराच असन.” ह्यांनी वाशिम गाठलं, कारंजा गाठला. सगळीकडे शेठजींचा शब्द आधीच पोहोचला होता. शेवटी त्याच जिनात पाठीवर गाठी वाहू लागले, आणि त्यांची लॉरी दुसरा पोरगा त्यांच्यासमोर फाटकातून बाहेर काढायचा. मी बाबांच्या घरी पाय ठेवणं सोडलं.

पुढच्या होळीला हे पहिल्यांदा पिऊन आले. मी कपाळ बडवून घेतलं. शांतपणे म्हणाले, “नाव तं पडलंच हाय. चव तरी पाहू दे.” नंतर चव पाहायचं काही उरलं नाही, नुसतं पिणं उरलं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी टिनाच्या खोलीचं दार बराच वेळ उघडलं नाही. हमालांनी ते फोडलं. तो नवा पोरगा पंख्याच्या दांड्यावर डोकं टेकून पडला होता, चेहरा लालबुंद, मेलेला. बाबा धावले आणि सवयीने आधी त्याचं तोंड हुंगलं. कसलाच वास नव्हता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोंडलेल्या कोळशाचा वायू माणसाला दारुड्यासारखा डोलवतो, ओकवतो आणि मारतोसुद्धा, आणि त्याला वास नसतो. बाबा तिथेच चुन्याच्या रेघेवर बसले.

उठले ते थेट शेठजींकडे गेले. म्हणाले, “माह्या नाकानं धोका देल्ला. जवाई पेला नव्हता. त्याले गाडी द्या.”

शेठजी म्हणाले, “तेव्हा नव्हता पीत. आता पितो ना?”

बाबा तिथून निघाले ते आमच्या दारी येऊन उभे राहिले. मी आत या म्हटलं नाही. ह्यांनीच म्हटलं. त्या दिवशी बाबांनी फाटक सोडलं आणि ते आमच्या ओसरीत राहायला आले. दोन माणसं, एकाने दुसऱ्याचा जन्म नासवलेला, एका ताटापाशी बसून जेवायची, आणि वाढायला मी.

काही वर्षांनी बाबा खाटेला खिळले. पाय गेले, पण नाक शाबूत होतं. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दुपारीही ओसरीतून ओरडले, “पोरी, दूध बुडाले लागून राह्यलं!” आणि खरंच लागलं होतं. संध्याकाळी हे झोकांड्या खात आले. बाबांनी हाक मारली, “जवाईबुवा, इकडे या. हा करा.”

ह्यांचं डोकं भडकलं. खाटेवर वाकून त्यांनी छाती भरून ‘हा’ सोडला. चुलीपाशी मला भपका आला. बाबांनी डोळे मिटून तो श्वास पूर्ण आत घेतला, जरा वेळ धरून ठेवला, आणि म्हणाले, “साफ हाय.” मग गोधडीखालून त्या जुन्या लॉरीचं हँडल काढलं. गाडी केव्हाच मोडीत गेली होती. हँडल त्यांनी कधी आणलं आणि कुठे लपवलं, देव जाणे. “घ्या,” म्हणाले, “काढा गाडी.”

हे हँडल छातीशी धरून न जेवताच झोपले. सकाळी ते घेऊन बाहेर पडले. दिवस वर आला तेव्हा बाबा गेले. दुपारी हे परतले ते रिकाम्या हाताने. हँडल मोडीत घालून त्याचीच पिऊन आले होते. ओसरी माणसांनी भरली होती. हे सगळ्यांना लोटत प्रेतापाशी आले, वाकले, आणि बाबांच्या कापसाने बंद केलेल्या नाकाशी तोंड नेऊन म्हणाले, “हा.” मग थांबले. लोक दंड धरून ओढू लागले, “मढ्याचा तरी मान ठेव रे!” त्यांनी हात झटकले आणि पुन्हा वाकले. “मामाजी, हा.”

मी उशाशी बसले होते. त्यांना कुठला शब्द हवा होता ते त्या गर्दीत मलाच कळत होतं. सगळं गाव ऐकायला हजर होतं. पण मी हाकरबाबांची लेक.

“पिऊन आले तुमी,” मी म्हटलं. “भायेर बसा.”