जुन्या शाळेतली माझी मुलाखत

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच. तेव्हा चहा आधी संपवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी दौंडला होतो, शिकलेला आणि बेकार. पाटसच्या एका घरी माझं लग्न ठरल्यात जमा होतं, पण मुलीच्या वडलांचा एकच हेका: आधी नोकरी, मग अक्षता! अशात निरोप आला, शिरूरच्या शाळेत मास्तरची जागा आहे, दिवाळीच्या सुट्टीत मुलाखतीला या.

शिरूरची शाळा! अहो, मामांकडे राहून मी लहानपणी तिथंच शिकलो होतो. इंग्रजांची छावणी होती तेव्हा कुणा साहेबानं बांधलेली. दगडी भिंती, आणि खिडक्या इतक्या उंच की पोरांना बाहेरचं झाडसुद्धा दिसू नये.

शेजारच्या रेल्वेच्या गार्डांचा काळा कोट मागून घेतला आणि एसटीनं शिरूरला उतरलो. टांगेवाल्यानं विचारलं, "कंची शाळा सायब? जुनी का नवी?"

"मला शाळा विचारतोस? मी शिकलोय तिथं!" असं म्हणून मी तरातरा चालत सुटलो.

आता जे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, ते तुम्हाला सांगून टाकतो. शाळा केव्हाच हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेली होती. जुन्या इमारतीत गावकऱ्यांनी चित्रांचं संग्रहालय केलं होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पाटी अजून रंगाऱ्याकडेच! आणि कोणतं चित्र कुठं लावायचं ते सांगायला मुंबईहून एक तज्ज्ञ यायचे होते. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि दारात उभा कोण? कोटातला मी!

"या सायब, या! तुमचीच वाट बघतोय." फेटेवाले एक गृहस्थ धावत आले. हे आप्पा, गावातले मोठे बागाईतदार आणि संग्रहालयाचे अध्यक्ष. मला वाटलं, शाळेचे अध्यक्ष. त्यांच्यामागं हातात हातोडी घेतलेले बशीरभाई. हे चित्रांच्या चौकटी करणारे. मला वाटलं, शाळेचे सुतार.

मुलाखतीत उमेदवारानं गप्प बसू नये, हे मी पक्कं ठरवून आलो होतो. म्हणून मीच सुरू झालो. "इथं साहेबाची खुर्ची असायची. त्या खोलीत तिसरीचा वर्ग. ह्या खुंटीला छडी. आधी पलटणीतल्या कारकुनांची मुलं शिकायची, गावातल्या मुलांना मागाहून घेतलं."

आप्पा बशीरभाईंच्या कानात म्हणाले, "मुंबईचा माणूस, पण समदी म्हाईती काढून आलाय बघ!"

मला एवढंच ऐकू आलं की माहिती पसंत पडली. भिंतीवर दोन-चार चित्रं होती. वाटलं, हेडमास्तर हौशी दिसतात.

आप्पांनी विषयाला हात घातला. "सायब, आमच्याकडं बरीच हायती. निम्मी एका इनामदाराची."

इनामदारांना इतकी मुलं? पण मोठ्या घरच्या गोष्टी, मी कशाला बोलू?

"इनामदार गेले. घरी कुणी बघणारं न्हाई, म्हणून आम्ही हितं आणली. पण काही पार काळवंडल्यात. ती मागं ठेवावी म्हणतो, आन् गोरीगोमटी म्होरं."

माझं रक्तच उसळलं! "आप्पा, रंग बघून मागं-पुढं बसवणार? स्वराज्यात?"

आप्पा वरमले. "न्हाई न्हाई, तुम्ही म्हणाल तसं. पण आणिक एक अडचण हाय." त्यांनी आवाज खाली घेतला. "दोन-तीन उघडीनागडी हायती. ती आम्ही मागल्या खोलीत भितीकडं तोंड करून ठेवलीत."

"भिंतीकडं तोंड करून? कधीपासून?"

"आली तवापासनं."

मला गलबलून आलं हो. अंगावर कपडा नाही म्हणून पोरक्या पोरांना शिक्षा, तीही दिवाळीच्या सुट्टीत!

"उद्या कलेक्टर येणार, गावच्या बायाबापड्या येणार," आप्पा म्हणाले. "वरनं एखादं कापड टाकू का?"

"कापड टाकून काय झाकणार तुम्ही?" मी कडाडलो. "आहेत तशी समोर आणा. दारातच ठेवा, पहिल्या रांगेत! कलेक्टरलाही बघू द्या. लाज त्यांनी नाही, आपण बाळगायची!"

बशीरभाईंनी हातोडीच खाली ठेवली. "वा सायब! दिलातलं बोललात. मी कवापासनं हेच म्हंतोय, पन आप्पा ऐकत न्हाईत."

ते आत गेले. मी डोळे पुसून पोरांना जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

बशीरभाई बाहेर आले ते सोनेरी चौकटीतली एक बाई घेऊन. नदीवर अंघोळ करत होती. माणसापेक्षा मोठी, आणि चांगलीच बाळसेदार! त्यांनी ती दारासमोर टांगली.

मी हात खाली घेतले. हळूहळू उजेड पडायला लागला.

तेवढ्यात खरे तज्ज्ञ आले. मळका झब्बा, खांद्याला पिशवी. दारातच थबकले. "हे इथं कुणी लावलं?"

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"उत्तम जागा! उजेड इथंच येतो. पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

आता खोटं काय बोलणार? मी म्हणालो, "मला वाटलं, गरिबाघरचं पोर आहे."

पुढचं सगळं सांगावंच लागलं. बशीरभाई हसून हसून जमिनीवर बसले. मी मात्र कोट सावरत नव्या शाळेकडे पळत सुटलो. पोचलो तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या, जागा भरली होती. शिपाई दाराला कुलूप लावत होता.

एसटीच्या थांब्यावर मान खाली घालून बसलो. पाटसला काय तोंड दाखवू? तेवढ्यात समोर आप्पांचा फेटा.

"मास्तर, नोकरी पायजे न्हवं? मग हितंच ऱ्हावा की. आल्या-गेल्याला चित्रं दाखवायला आम्हाला माणूस लागतोच."

"आप्पा, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही!"

"ते समद्या गावाला कळलंय," आप्पा शांतपणे म्हणाले. "पर तुम्ही बोलत असता तवा कुणाच्या ध्यानात येत न्हाई."