पानीमा चालस का?

विहिरीत बुडी मारून अडकलेल्या मोटरी सोडवणं हे माझ्या मोठ्या भावाचं काम. शहाद्याच्या आसपास कुणाची मोटर गाळात रुतली, कुणाचा पाइप तळाशी निखळला, की फोन दादालाच. तो काठावर सदरा काढायचा, पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा आणि उतरायचा. माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान उभं राहिलं ते त्याच्या बुड्यांवर. हे मी कधी विसरलो नाही, आणि वहिनीने विसरूही दिलं नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा डावा कान वाहायला लागला. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "पडद्याला भोक पडलंय. पुन्हा पाण्याखाली गेलात तर कान जाईलच. पण त्याहून वाईट म्हणजे, थंड पाणी आत शिरलं की अशी चक्कर येईल, की वर कुठे आणि खाली कुठे ते कळणार नाही." वहिनी शेजारी बसून ऐकत होती. आम्ही घरी आलो. ओट्यावर चप्पल काढता काढता मला म्हणाली, "भाऊ, काय करनं ते करा, पन यास्ले पानीमा उतरू देऊ नका."

आणि दुसऱ्याच दिवशी कळसाडीहून फोन. विहिरीच्या आतले दगड ढासळून मोटरीवर पडलेले, ऊस वाळायला लागलेला. दादा म्हणाला, "नुस्ता पाही येस." त्याचं 'पाही येस' मला ठाऊक नाही होय! लहानपणापासून हा माणूस नुसता पाहायला जातो आणि ओल्या चड्डीने घरी येतो. मी भडकलो. माझं डोकं म्हणजे चुलीवरचं दूध, कधी उतू जाईल सांगता येत नाही. म्हटलं, "पाहानंच शे ना? मंग मन्हा कॅमेरा पाहीन. तू काठवरच थांब."

बोलून बसलो, आणि मग कॅमेरा शोधत फिरलो. माझा लग्नाचा कॅमेरा लहान बाळाएवढा, तो काय विहिरीत सोडणार? एका दुकानात हेल्मेटला लावतात तो चौकोनी डबीएवढा कॅमेरा दाखवला. पाण्यात जातो म्हणाले, पण त्यात जवळचा दगडही लांब दिसायचा आणि पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा. दगडात मोटर कुठे अडकली ते त्यात मला कपाळ दिसणार? दुसरीकडे मोठ्या कॅमेऱ्यावर चढवायची पारदर्शक पेटी होती. ती पाइपांच्या गर्दीतून खाली गेलीच नसती. मला हवा होता मुठीएवढा, उघडायचा पडदा असलेला, पुढे दिवा असलेला. तिकडे कळसाडीवाला रोज फोन करत होता आणि दादा रोज "येस, येस" म्हणत येण्याचं कबूल करत होता. वहिनीने त्याचा टॉवेल लपवून ठेवला होता.

शेवटी नंदुरबारला एक जुना शूटिंगवाला भेटला. त्याच्याकडे हवा तस्साच हँडीकॅम होता. खोकं नाही, माहितीचं पुस्तक नाही. मी एकच विचारलं, "पानीमा चालस का?"

"चालस ना! दोन वरीस पानीमा वापरेल शे. बंद नही पडना कधी."

मी तरी काही भोळा नाही. घरी आणून बादलीत दोनदा बुडवला. चालू! वहिनीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिने टॉवेल काढून दोरीवर वाळत घातला. मीही फुशारलो. वाटलं, भावाचं ऋण असं फेडायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कळसाडीला. बेत साधा होता. कॅमेरा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून दोराने सोडायचा, वर काढून पाहायचं, आणि दादाने काठावरूनच गळ टाकून मोटर ओढायची. गळ म्हणजे बुडालेल्या बादल्या काढायचा लोखंडी आकडा. विहिरीत तीन पुरुष पाणी होतं. मी बटण दाबलं, कॅमेऱ्यात तोंड घालून ऐटीत दोन शब्द बोललो आणि दोर सोडला.

दिवा खाली खाली जात दिसेनासा झाला. मी मनात शंभर मोजले. ओढायला गेलो, तर दोर हलेना! पुन्हा ओढला. डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला. ढासळलेल्या दगडात पिशवी पक्की अडकली होती. दुष्काळात तेरावा महिना! शेतकरी म्हणाला, "जोरमा नका ओढू, तुटीन." माझं दूध उतू गेलं. मी ओरडलो, "गया मन्हा कॅमेरा! आते काय करू मी?"

हे ओरडायला नको होतं. मागे वळलो तेव्हा दादाने सदरा काढला होता.

आता खरं लिहितो. मला 'नको' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण एक क्षण, एकच क्षण, मला तो कॅमेरा हवा होता, आणि त्या क्षणात मी गप्प राहिलो. दादाने वाकून पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि उडी मारली.

बुडबुडे सरळ वर यायला हवेत. आधी आलेही. दोर एकदम सैल होऊन रिकामाच वर आला, म्हणजे त्याने पिशवी दोरातून सोडवून घेतली होती. मग बुडबुडे एका बाजूला सरकू लागले. ते आम्ही उभे होतो त्याच्या समोरच्या भिंतीकडे, ढासळलेल्या दगडांकडे चालले होते, वर नाही. मला डॉक्टरांचे शब्द आठवले. "दादा! इकडे! इकडे!" मी बोंबलत होतो, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. शेतकरी पाइपाला धरून उतरला, मी त्याच्या मागे. मला धड पोहता येत नाही. पाण्यात पाय हलवत असताना कुणाचं तरी डोकं माझ्या गुडघ्याला लागलं. मी केस धरले आणि ओढले.

वर काठावर तो ओकला, मग उताणा पडून राहिला. जमीन फिरतेय म्हणत दोन्ही हातांनी गवत धरून ठेवलं होतं त्याने. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. पिशवी मात्र त्याने मनगटाला गुंडाळली होती. म्हणाला, "धर तुन्हा कॅमेरा."

कॅमेऱ्याचा पडदा उघडला तर आतून पाणी गळलं.

दादाला दवाखान्यात टाकलं आणि मी थेट नंदुरबारला गेलो, भांडायला. "पानीमा चालस, म्हणे ना तू!"

त्याला काही कळेना. "मंग? पानीमाच चालाडेल शे. किती वरातीस्मा पानी उना, मन्हा कॅमेरा बंद नही पडना."

पानी उना. म्हणजे पाऊस आला. आभाळ भरलं की मीही तेच म्हणतो, माझी आई तेच म्हणायची, आमच्याकडे सगळेच म्हणतात. तो पावसाचं बोलत होता, मी विहिरीचं ऐकत होतो. भांडायला आलो होतो, ते राहिलंच. मी परत बसस्टँडवर आलो.

दादा वाचला. कान गेला. आणि चक्कर अशी बसली, की आता जिना उतरतानाही तो कठडा धरतो.

पुढे कधीतरी मला कॅमेऱ्यातलं कार्ड सापडलं. वाळवून लावलं तर चाललं. दादा म्हणाला, दाखव. वहिनी दाराशी उभी. पडद्यावर आधी माझंच तोंड आलं, हसरं, कॅमेऱ्यात घुसलेलं. मी काहीतरी बोललो, मग विहिरीची भिंत, पाणी आणि हिरवा अंधार. तिथेच संपलं.

दादाने उजवा कान पुढे केला. "काय बोली ऱ्हायना तू त्यामा?"

"काही नही," मी म्हटलं.

वहिनी आली. त्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सांगितला, "आते तुले पानीमा उतरानं काम नही दादा, असं बोली ऱ्हायना तो."



"खरंच बोलना मंग," दादा म्हणाला.