अनेकांतचं उत्तर आणि जोतीरामांचा खांदा

कागलच्या नेमगोंडा पाटलांनी एका मुनिमहाराजांचं प्रवचन ऐकून पोराचं नाव अनेकांत ठेवलं. कुठल्याही गोष्टीला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसली तेवढीच खरी धरू नये, असा त्याचा अर्थ. पोरानं तो अर्थ जरा जास्तच मनावर घेतला. चहा घेणार का विचारलं, तर आधी घड्याळाकडं बघायचा, मग बाहेरच्या उन्हाकडं, आणि म्हणायचा, "घेताही येईल." तोवर चहा निवलेला असायचा.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजनं त्याला कोल्हापुरात डॉ. क्रांती मोहिते यांच्या खासगी क्लिनिकमध्ये अनुभवासाठी पाठवलं. कॉलेजच्या दवाखान्यातले पेशंट सांगाल तसं मुकाट पडून राहायचे. इथले उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाहीत.

उचगावचे जोतीराम चव्हाण त्यातलेच. गोठ्यात म्हशी, आणि आवाज असा की शेजारच्या लॅबमधली बाई सुई टोचताना थबकायची. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना, सदरा घालायलाही बायको लागायची. मॅडम आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटजवळ होत्या, म्हणून अनेकांतनं एकट्यानंच त्यांना तपासलं. तपासलं मात्र अगदी नीट.

"डाक्टर, हात वर जाणार का न्हाय?"

अनेकांत विचारात पडला. दुखणं जुनं, त्यात शुगर. खोटं आश्वासन तरी कसं द्यायचं?

"तसं बघितलं तर जाईल," तो म्हणाला. "पण सगळ्यांचं सारखं नसतं, मामा. काहींचा जातो, काहींचा थोडा राहतो."

जोतीराम तसेच उठून निघाले. अनेकांतला वाटलं, पटलं त्यांना.

उचगावला पोचेपर्यंत त्या वाक्यातला 'वर' वाटेत कुठंतरी सांडला. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बायकोला, चिमणाबाईंना सांगितलं, "हात जाईल म्हणालाय डाक्टर. गेला न्हाय तर राहील."

दुसऱ्या दिवशी क्लिनिकपुढं जीप थांबली. आधी जोतीराम उतरले, मागून डोळ्याला पदर लावलेल्या चिमणाबाई, मग धाकटा भाऊ आकाराम, आणि त्याच्या मागं निम्मी भावकी. बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

आकाराम सरळ अनेकांतपुढं आला. "पावणं, आमच्या दादाचा हात जाणार म्हणालासा, खरं काय?"

"हो, म्हणालो की."

चिमणाबाई मटकन खाली बसल्या.

"कवा जाणार?"

"ते यांच्यावर आहे. रोज व्यायाम केला तर लवकर जाईल."

"मग कशाला करायचा त्यो व्यायाम?" चिमणाबाई खालूनच म्हणाल्या. "ऱ्हाईना का बिचारा जिथं हाय तिथं."

आता कुठं अनेकांतच्या डोक्यात उजेड पडला. तो एवढा घाबरला की "तसं नव्हे, पण..." याच्या पुढं जाईना. गलका ऐकून क्रांतीमॅडम बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं, हसू गालात दाबलं आणि म्हणाल्या, "पाटील, तुम्हीच सांगा यांना. सरळ बोला. त्यात 'पण' नको."

अनेकांत जोतीरामांकडं वळला. "मामा, हाताला काही होत नाही. तो डोक्याच्या वर जाणार. सांगतो तसा व्यायाम करा, सदरा तुम्ही एकटे घालाल."

"झालं की मग," आकाराम म्हणाला. "हे कालच सांगायचं न्हाय का?"

जीप गेली आणि अनेकांतला घोर लागला. एवढं ठाम तो जन्मात बोलला नव्हता. आता तो हात वर गेलाच नाही तर? त्या काळजीनं तो कागलला जाताना वाटेत उचगावला उतरू लागला. गोठ्याच्या भिंतीवर त्यानं खडूनं रेघा मारल्या. जोतीरामांनी बोटांनी भिंत चढत वरची रेघ गाठायची, असा नेम. ते असे ओरडायचे की म्हशी पान्हा चोरायच्या. चिमणाबाई म्हशींना चुचकारायच्या आणि नवऱ्याला दम द्यायच्या, "गप चढवा. डाक्टरनं शब्द दिलाय."

रेघा हळूहळू वर सरकल्या. अनेकांतची क्लिनिकची मुदत संपत आली तेव्हा जोतीराम सदरा एकट्यानं घालून आले. गुंड्या एक घर चुकून लागल्या होत्या, पण त्या लावायला कोणाला हात लावू दिला नव्हता. हात कानापर्यंत पोचत होता. अनेकांतनं माप घेतलं आणि सांगून टाकलं, "राहिलेलं यायला वर्षही लागेल, मामा. व्यायाम सोडायचा नाही."

"लागू दे की," जोतीराम म्हणाले आणि मॅडमना हात दाखवायला आत गेले.

चिमणाबाईंनी पिशवीतून खरवसासाठी चिकाचं भांडं काढून अनेकांतच्या हातात दिलं. चेहरा मात्र पडलेला होता.

"काय झालं, मामी?"

"काय न्हाय. सदरा घालताना तेवढा येळ तरी माणूस माज्यापुढं गप उभं ऱ्हायचं. आता त्ये बी गेलं."

 अनेकांतनं भांडं हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं आणि कागलची बस गाठली.