नाल्याकाठची सरळ रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आबांना तर नाहीच. आता सांगते आहे म्हणजे मला रडू वगैरे येतंय असं समजू नका — येत नाहीये.

पातळांचे काठ काढणारी बाई म्हणून नागपुरात मला ओळखतात. नवरा गिरणीत कारकून. त्याने एकदा माझी रांगोळ्यांची वही साहेबापुढे टाकली, आणि तेव्हापासून वीस वर्षं मी घरी बसून चौकड्यांच्या कागदावर काठ काढते. लोक म्हणतात, बाई, तुमची रेघ काय सरळ असते. असते. वाकडी रेघ मला लहानपणापासून सहन होत नाही. खोड आहे ती, आणि तिच्यावरच माझं घर चालतं.

पण हा हात बसला कुठे, ते कुणी विचारत नाही.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावी आबा, म्हणजे माझे वडील, पटवारी होते. मी भिंत दिसली की कोळशाने भरून काढायची, मार खायची, पुन्हा काढायची. मला तेरावं लागलं त्या वर्षी आबांच्या हाताला कंप सुटला — आणि नेमका तेव्हाच मलकापूरच्या तहशिलीतून हुकूम आला की गावचा नकाशा नव्याने उतरवा. जुन्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. आबांनी दार लावून घेतलं, जुन्या नकाशावर आरपार दिसणारं सरकारी कापड पसरलं आणि बोरू माझ्या हातात दिला. पटवाऱ्याचं काम पोरगी करते हे कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. मला त्याचं काय? मला खरी काळी शाई मिळाली होती. तसं सुख मला पुढे लग्नातही मिळालं नाही.

आठ दिवस बसले. आणि नाल्याकाठी एक रेघ होती — कशी सांगू — बाकीचे सगळे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, सुतात चाललेले, ही एकच मध्ये पोट काढून पुढे जायची. हात अडायचा तिथे. नवव्या दिवशी मी ती सरळ ओढली.

चुकून नाही. हे नीट ऐका, चुकून नाही. सरळ चांगली दिसत होती म्हणून ओढली. आजही विचाराल तर सरळच चांगली दिसते. आबांनी कौतुकाने सही केली आणि जुना नकाशा जाळून टाक म्हणाले.

ते पोट म्हणजे सकीनाखालाचा आंबा. सकीनाखाला पिंजारीण, गावाच्या गाद्या भरायची. नवरा वारलेला. नाल्याकाठी एवढंसं वावर, त्यात सासऱ्याने रोहिणखेडहून कोय आणून लावलेलं झाड, आणि धुरा त्या झाडाला वळसा घालून जायचा. पहिल्या कैऱ्या ती मला द्यायची. "आधी चित्र काढ, मंग खाय," म्हणायची. माझ्या चित्रांना चांगलं म्हणणारं गावात ते एकच माणूस.

दोन वर्षांनी नाल्याच्या पुरात धुरा वाहून गेला. पुढच्या उन्हाळ्यात आंबा लदबदला, तसा शेजारचा देवराव खातेदार झाड माझं म्हणू लागला. मारुतीच्या पारावर पंच बसले. आबांनी माझा नकाशा उलगडला. रेघ सरळ, झाड देवरावकडे. आबांनाही वाटलं, आपलीच आठवण चुकली असेल. कागदापुढे आठवण काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला आमच्या मागच्या दारी आली. रागावलेली नव्हती.

"बेटा, तुले चित्रातलं समजते," ती म्हणाली. "तू पाह्य बरं एकडाव तो नकाशा. माह्या झाडापाशी धुरा वाकडा नाही का?"

मलाच विचारलं. पंच नाहीत, आबा नाहीत, दारात आम्ही दोघीच. खरं बोलायला कितीसा वेळ लागला असता?

"पाह्यला मी," मी म्हटलं. "सरळच हाय, खाला."

"हाव? मंग माह्याच ध्यानात वाकडा असन," ती म्हणाली. पदराआडून दोन कैऱ्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि गेली.

आबांची नोकरी वाचवायला खोटं बोलले, असं सांगता येईल. सोयीचं आहे. पण आबा तेव्हा माझ्या मनात नव्हतेच. आबांचं नकाशांचं काम तेव्हाही मीच करत होते; खरं कळलं की बोरू हातातून जाणार, एवढंच मला दिसत होतं. सावलीत कपाशीची पऱ्हाटी वाढत नाही म्हणून देवरावने त्याच साली झाड तोडलं. खाला वावर विकून रोहिणखेडला भावाकडे गेली. मी तिला भेटायला गेले नाही. जाता आलं असतं.

त्या दोन कैऱ्या मी आधी काढल्या, मग खाल्ल्या. माझा सगळ्यांत जास्त खपलेला कोयरीचा काठ त्याच कागदावरून उतरवलेला आहे. लाज वाटते का? वाटते. काठ मागे घेईन का? नाही.

आणि जुना नकाशा मी जाळला नाही. इतकं सुंदर काम जाळवेना. तो इथे नागपुरात माझ्या पेटीत तळाशी आहे. परवा काढून पाहिला. उंदरांनी खाल्लेला कोपरा भलतीकडचा आहे, नाल्याकाठचं वळण जसंच्या तसं आहे. खाला दारात उभी होती त्या दुपारीही तो घरातच होता — आतल्या खोलीत, मी निजायचे त्या गादीखाली. ती गादी खालानेच भरलेली होती.