साहेबांच्या डब्यातली तंबाखू

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माणसांच्या चेहऱ्यांआधी नाकात तंबाखूचा झणका येतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि नळ मात्र कोरडे. पाऊस नीट होऊन दोन वर्षे झाली होती. त्या काळात माझी तिथल्या एका ठाण्यात जमादार म्हणून बदली झाली. मी मूळचा निपाणीकडचा. घर इतके लांब, की आई आजारी असल्याचे पत्र हातात पडेपर्यंत ती बरी होऊन शेतात गेलेली असायची. सातवी झाली आणि शाळा सुटली. पोलिसात भरती होईपर्यंत तंबाखूच्या वखारीत पाने निवडली. असल्या माणसाला खाकी मिळाली याचे मला अप्रूप होते. ती कधी काढून घेतील याची धास्तीही होती. म्हणून वरिष्ठांपुढे मी विचारल्याशिवाय बोलत नसे.

दुष्काळी कामांवर देखरेख करणारे एक मोठे अधिकारी विश्रामगृहाजवळच्या बंगल्यात राहत. त्यांना पाइप ओढायची सवय. तंबाखू पुण्याहून डब्यात यायची. एके दिवशी उन्हात दौऱ्यावर असताना ते जीपमधून उतरले, पाइप पेटवला आणि थोड्या वेळाने खालीच बसले. दरदरून घाम, उलट्या, तोंड पांढरेफटक. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'विषबाधेचा संशय.'

झाले, जिल्हा हादरला. कारण आठच दिवसांपूर्वी साहेबांनी पाण्याच्या टँकरच्या एका ड्रायव्हरला काढून टाकले होते. गावाचे पाणी तो कुणाच्या तरी बागेत सोडत होता. संध्याकाळी एक खबऱ्या ठाण्यात आला. निरीक्षकसाहेबांच्या टेबलावर वाकून म्हणाला, "त्या टँकरवाल्यानं साहेबाच्या खानसाम्याला पुडी दिली. स्टँडवर. म्या ह्या डोळ्यानं बघितलं."

खानसामा कंधारचा, पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याला आणि टँकरवाल्याला त्याच रात्री आणले. टँकरवाला सुरुवातीपासून गुर्मीत. "पुडी न्हाई आन् फिडी न्हाई. साहेबावर माझा राग हाय, पण म्या काय येडा हाय का?" खानसामा मात्र गप्प. विष कुठून आणलेस, कशात घातलेस, कुणी सांगितले, हे तीन प्रश्न आम्ही दोन दिवस पाळीपाळीने विचारले. तो एकच सांगे, "म्या इख घातलं न्हाई, साहेब." पुडीचे नाव काढले की खाली बघे. खाली बघणारा माणूस गुन्हेगार, असा आमचा हिशेब. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे हातही उचलले गेले. मीही उचलला.

चहाचे, जेवणाचे नमुने तपासणीला औरंगाबादला गेले होते. अहवालाला महिना लागणार. वरून मात्र रोज फोन. निरीक्षकसाहेबांनी ठरवले, उद्या विष दिल्याचे कलम ३२८ लावून खानसाम्याला कोर्टापुढे उभे करायचे. त्या कलमाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो माणूस साठीत सुटला असता.

मुद्देमालाची यादी लिहायचे काम माझ्याकडे आले. पाइप एक, काडेपेटी एक, तंबाखूचा डबा एक. डब्याचे वर्णन लिहायला झाकण उघडले आणि मी थांबलो. वरून फळासारखा गोड वास, आणि त्याच्या खालून माझ्या वखारीचा वास.

पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरली. साहेबांची तंबाखू मऊ, ओलसर, बारीक फितीसारखी. ती त्यात थोडीच. बाकी सगळा जाड पानाचा चुरा, काळपट, बोटांना चिकटणारा, त्यावर फोडासारखे तपकिरी ठिपके. वखारीत एक म्हातारी आक्का होती, तिने मला पान ओळखायला शिकवले होते. ती म्हणायची, "पाणी प्यालेलं पान लांब आन् पाणचट. तहानेलं पान बुटकं, पर त्याच्या अंगात आग." तिला अक्षरओळख नव्हती. माझ्या नोकरीत कुठल्याही पुस्तकापेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

भीत भीत निरीक्षकसाहेबांना म्हणालो, "साहेब, ह्यात विष नसेलही. तंबाखूच कडक आहे."

"मग काय करू? मुद्देमाल ओढून बघू आणि पंचनाम्यात लिहू, जमादारास ठसका आला?"

सगळे हसले. मी तरीही म्हणालो, "हे पान कुठून आले ते शोधतो. संध्याकाळपर्यंत सोडा." ते म्हणाले, "जा. पाचला परत." सातवी पास माणसावर त्यांनी एवढा विश्वास टाकला, त्याची जाण मी शेवटपर्यंत ठेवली.

टँकरवाल्याची फेरी मुरुडवरून असायची. मुरुडच्या बाजारात चिलमीची तंबाखू विकणारे दुकान एकच, एका लिंगायत अप्पांचे. कपाळाला भस्म, समोर पोती. मी लातूरच्या खानसाम्याचे नाव काढले तर अप्पा खूशच झाले.

"पंधरा दिसांमागं टँकरवाल्याच्या हाती निरोप आला की. साहेबासाठी पायजे म्हणला. मग काय, पोत्याच्या बुडातली काढून दिली."

"हलकी दिली की कडक?"

"आता घ्या! एवढ्या मोठ्या साहेबाला हलकी द्यावी का? हलकी पोरासोरांना. साहेबाला सोळा आणे कडक दिली. आन् यंदा तर पान वीतभर बी झालं न्हाई, पाणीच न्हाई तर. लई जहाल हाय. गेल्या सालची एक चिलीम आन् यंदाची अर्धी, बराबर."

"मला भरून द्या."

"जमादार, तुमचं काम न्हाई ते."

"भरा हो."

वखारीत आमची पारख अशी, की घोट आत जाताच उचकी लागली तर माल एक नंबर. मला दुसऱ्या झुरक्याला उचकी लागली. चौथ्याला कपाळावर घाम, कानात शिट्टी, आणि मी अप्पांच्या पोत्यावर बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हते. साहेबांच्याही नव्हते, हे त्यांच्या ड्रायव्हरने जबाबात सांगितलेले होते. अप्पा गुळाचा खडा पुढे करून हसत होते, "म्हणलं होतं का न्हाई? पोलिसाला सुद्धा सोडत न्हाई ती!" मी गूळ चघळत, उचक्या देत त्यांचा जबाब लिहिला. नमुना सीलबंद केला.

परत आल्यावर खानसाम्याला विचारले, "मुरुडच्या अप्पांची तंबाखू डब्यात मिसळलीस ना?"

तो एकदम रडायलाच लागला. "साहेबाचा डबा सरत आला होता. पुण्याचं पार्सल येईना. पाइप न्हाई मिळाला की साहेब जेवत न्हाईत, नुसते चिडतात. म्हणलं थोडी थोडी मिसळावी, पार्सल येईस्तोवर."

"मग दोन दिवस तोंड का शिवलं होतंस?"

"साहेब चार लोकांत सांगतात, मी ह्या डब्याशिवाय दुसरं ओढत न्हाई. त्यांला गावठी पाजली हे उघडं पडलं असतं तर त्यांची काय राहिली असती? आन् माझी नोकरी?"

आणि टँकरवाला? पुडी आणल्याचे सांगितले तर विषाची म्हणतील, म्हणून तो नाकारत होता. एक अब्रूपायी खोटे बोलला, दुसरा भीतीपायी, आणि दोघांचे खोटे मिळून आम्ही एक कट उभा केला होता.

डॉक्टरांना नमुना दाखवला. उपाशीपोटी, उन्हात, सवय नसलेल्याला अशी तंबाखू लागली तर हेच होते, असे त्यांनी लेखी दिले. साहेब तोवर उठून बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मी तीन दिवस सगळ्यांना सांगत होतो, या वेळचा डबा फार चांगला आलाय." तक्रार नसल्याचा जबाब त्यांनी सही करून दिला. स्टेशन डायरीला नोंद झाली, दोघांना सोडले.

साहेबांनी खानसाम्याला पुन्हा कामावर बोलावले. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीला उभा असलेला मला स्टँडवर दिसला. मी जवळ गेलो. म्हणालो, "चहा घेतोस?"

"नको, साहेब." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी मारलं नव्हं का, तवा मला वाटलं, खरंच माझ्या हातून इख पडलं असंल. मलाच ध्यानात न्हाई."

गाडी आली. गर्दीत त्याचे गाठोडे मी वर दिले, तेवढे त्याने घेऊ दिले.

पुढे नोकरीची अठरा वर्षे काढली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कबुलीजबाब पुष्कळ पाहिले. एखादा आरोपी पटकन "हो, मी केलं" म्हणाला की सहकाऱ्यांना बरे वाटे, मला मात्र तिथूनच काळजी सुरू होई. मार खाल्लेला माणूस फक्त आपल्याला फसवायला खोटे बोलतो असे नाही. कधी कधी त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागते. तिसऱ्या दिवशी तो खानसामा कोर्टात "केलं" म्हणाला असता, आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले असते.