रहाट थांबला तेव्हा

त्या काळी नागावात उजाडलं की आधी रहाट ओरडायचे आणि मग कोंबडे. त्यातही विश्वंभरतात्याच्या वाडीतला रहाट सगळ्यांत कर्कश. लाकडी कण्याला कितीही वंगण घाला, बैलाने एक फेरा घेतला की त्याने कुईंऽ केलंच म्हणून समजा. तात्याच्या बापाच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती तात्या ध्यानाला बसायला लागल्यापासून.

तो काही बुवाबाबांच्या नादी लागणारा माणूस नव्हता. नारळ, पोफळी, संध्याकाळी ओटीवर चार माणसांशी गप्पा, असं त्याचं सरळ चाललेलं. सव्वीस साली देवीची साथ आली आणि त्याची चार वर्षांची दुर्गी गेली. एकुलतं एक मूल, तेही नवसाचं. त्यानंतर त्याचं कशातच मन लागेना. रात्ररात्र तिचं कण्हणं त्याच्या कानात घुमायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून तो माघात पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेला, आणि देवळामागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गोसाव्यापाशी त्याने मन मोकळं केलं. गोसाव्याने त्याला बसायला शिकवलं. श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेव, म्हणाला.

"आणि मध्येच आवाज आले तर?" तात्याने विचारलं.

गोसावी हसला. "डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना देवाने दिल्या नाहीत. का दिल्या नसतील, ते बसून बघ."

तात्याने त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला. देवाने दिल्या नाहीत तर आपण कमवायच्या. ज्या दिवशी रहाट ऐकू येणार नाही, त्या दिवशी दुर्गीचं कण्हणंही बंद होईल.

घरी आल्यावर तो रोज सकाळी देवघराचं दार लोटून बसू लागला. ताकीदच दिली की मी बसलेला असताना कुणी हाक मारायची नाही, घराला आग लागली तरी. स्वतः मात्र थोड्या थोड्या वेळाने आतून खेकसायचा, "कोंडाजी, वंगण घाल रे त्या कण्याला!" रहाट हाकणारा कोंडाजी गालातल्या गालात हसायचा आणि तेलाचं बुडकुलं उचलायचा. पाटाचं पाणी पोफळींच्या आळ्यांत फिरवणारी ठमी तर गावभर सांगायची, "आमचा तात्या गप बसतो ना, त्ये अख्ख्या नागावाला आयकू येतं."

हसत नव्हती ती एकटी अनुसूया, तात्याची बायको. मुलगी तिचीही गेली होती, पण त्याची आठवण कुणाला होती देव जाणे. नवऱ्याला तर नव्हतीच. तीही डोळे मिटून बसली असती तर चूल कुणी पेटवली असती? ती घरात पाय न वाजवता वावरायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. या माणसाला एकदा तरी शांत वाटू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढच्या वर्षीच्या चैत्रात एके सकाळी कोंडाजीला ताप भरला. चैत्रात पोफळींचं पाणी चुकवून चालत नाही. अनुसूया देवघराच्या दाराशी जराशी थांबली, मग हाक न मारताच वाडीत गेली. बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधली आणि स्वतःच रहाट हाकायला लागली.

आत तात्या बसला होता. बाहेर कुईं कुईं चाललेलं. त्याचा जीव अगदी विटला. आता ओरडावंच म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि बाहेरचा आवाज नाहीसा झाला. कुईं नाही, गाडग्यांतून पडणारं पाणी नाही, काहीच नाही. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. मिळालं, त्याला वाटलं, मिळालं! दुर्गी गेल्यापासून पहिल्यांदाच छातीवरचा दगड उतरला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या सुखातून उठावंसं त्याला वाटेचना.

तो उठला तेव्हा उन्हं अंगणात आली होती. तात्या हसत हसत मागच्या दाराने वाडीत आला.

"अगं ऐकलंस का, आज मला रहाट ऐकूच आला नाही!"

बैल झापडं लावून मुकाट उभा होता. विहिरीच्या काठच्या दगडाशी अनुसूया पडली होती आणि तो दगड लाल झाला होता. भोवळ येऊन ती त्याच्यावर आपटली होती. तात्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या, गदागदा हलवलं. तेवढ्यात ठमी वैद्याला घेऊन धावत आली. वैद्याने मनगट हातात धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

तात्या पुन्हा ध्यानाला बसला नाही. डोळे मिटले की ती शांतता आठवायची आणि स्वतःचीच शिसारी यायची. त्याला एकच प्रश्न खात राहिला. तिने हाक मारली असेल का? मारली असेल आणि आपल्याला ऐकू आली नसेल तर? त्या सकाळी वाडीच्या टोकाला पाटातलं पाणी आटलं म्हणून ठमी बघायला आली होती. तिने अनुसूयेला जिवंत पाहिलं होतं. तो तिलाच पुन्हा पुन्हा विचारायचा.

"न्हाय वो तात्या, न्हाय मारली हाक," ती म्हणायची आणि खाली मान घालून निघून जायची. ती खोटं बोलते अशी त्याची खात्री होती.

पस्तीस साली, खळ्यात सुपारी सोलता सोलता, त्याने परत तेच विचारलं. ठमीने हातातली सुपारी खाली ठेवली.

"मी तुम्हाला उठवायलाच निघाले व्हते, तात्या. वैनीनं माझा हात धरला. म्हनली, 'त्यास्नी उठवू नको गं. आज एकदाबी वराडले न्हाईत. आज कुठं त्यांचं मन लागलंय.' मी आयकलं तिचं. न्हाय आयकाया पायजे व्हतं मी." आणि ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

अनुसूयेने हाक मारली असती तर तात्या जन्मभर स्वतःला शिव्या घालून तरी मोकळा झाला असता. ती जाता जाताही त्याचं सुख सांभाळत होती, आणि ते सुख म्हणजे तिच्या हातून सुटलेला रहाट होता. तो ओक्साबोक्शी रडला. दुर्गी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रहाट तो स्वतः हाकायला लागला. कोंडाजी सवयीने तेल घेऊन आला, तर म्हणाला, "राहू दे. ओरडू दे त्याला."

तो त्याच दगडावर बसायचा, डोळे उघडे ठेवून. कणा कुरकुरायचा, गाडगी रिती व्हायची, पाणी पाटाने पुढे जायचं. मध्येच दुर्गीचं कण्हणं यायचं, तेही तो ऐकायचा. कानांना पापण्या का नसतात ते आता त्याला कळलं होतं, आणि जिला सांगायचं ती नव्हती. तरी पाणी वाजत असायचं तेवढा वेळ त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

बैल दमून आपणहून थांबला की मात्र कुईं बंद पडायचं. तो ताडकन उभा राहायचा आणि वाडीच्या टोकाकडे तोंड करून जीव खाऊन ओरडायचा, "ठमे, आहेस ना गं?"

"हाय वो तात्या, हाय मी!"

ते उत्तर आल्याशिवाय तो बैल पुन्हा हाकायचा नाही.